सहाशे पानं नुसत्या मीटिंगा

"मामा, सहाशे पानं नुसत्या मीटिंगा आहेत. लढाई कुठाय?" असं म्हणत भाच्याने 'वॉर ऑफ ऑनर' माझ्या हातात परत ठेवली. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेली ही जाडजूड प्रत मी आजवर तीनदा वाचली आहे. वाईट वाटलं. भाचा मुलखाचा वाचणारा आहे, म्हणून जास्तच वाटलं.

डेव्हिड वेबर या अमेरिकन लेखकाची ऑनर हॅरिंग्टन ही अंतराळातल्या आरमाराची कादंबरीमालिका. सी. एस. फॉरेस्टरचा नेल्सनच्या काळातला कप्तान होरेशिओ हॉर्नब्लोअर डोळ्यांसमोर ठेवून वेबरने ही नायिका घडवली, आणि नावाची आद्याक्षरंही तीच ठेवली. पहिल्या पुस्तकात, १९९३च्या 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन'मध्ये, ऑनरच्या छोट्या क्रूझरवरची नेहमीची शस्त्रं उतरवून प्रयोगाची, बिनकामाची शस्त्रं बसवलेली असतात. त्या अवस्थेत ती आपल्याहून कितीतरी मोठ्या जहाजाच्या मागे लागते. वाचक या मालिकेच्या प्रेमात पडले ते या पाठलागामुळे. 'वॉर ऑफ ऑनर' हे दहावं पुस्तक २००२मध्ये आलं, आठशेहून जास्त पानांचं. त्यात बहुतेक पानं मंत्र्यांच्या दालनांत जातात आणि तोफा अगदी शेवटी धडधडतात. तेव्हापासून चाहत्यांत दोन तट आहेत. मोठा तट माझ्या भाच्याचा. माझ्या मते तो चुकतो.

मी पंधरा वर्षं नौदलात होतो, तीही स्टोअर्समध्ये. मी तोफ डागलेली नाही. जहाज निघायच्या आधी तांदूळ, डाळ, कांदे-बटाट्याची पोती, औषधांच्या पेट्या, दोरखंड, रंगाचे डबे, गॅस्केट आणि बेअरिंग मोजून घेणं हे माझं काम. एकदा समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या एका सीलसाठी आमचं जहाज नऊ दिवस धक्क्याला बांधून राहिलं. सील तळहातावर मावेल एवढं. वरच्या एका कार्यालयात कुणीतरी त्या वर्षीची खरेदी पुढे ढकलली होती, आणि ती ज्या बैठकीत ढकलली गेली तिथे समुद्र पाहिलेला माणूस असेल असं मला वाटत नाही. शांततेचा काळ होता म्हणून निभावलं. त्या नऊ दिवसांत मी रोज सकाळी तोच मागणीचा कागद घेऊन तेच जिने चढलो. तेव्हापासून मला कुणी सांगू नये की मीटिंगमध्ये काही घडत नाही.

वेबर नेमकं हेच लिहितो. मॅन्टिकोरचं, म्हणजे ऑनरच्या राज्याचं, आरमार युद्ध जिंकायच्या बेतात असताना पंतप्रधानाची हत्या होते. सत्तेवर आलेला बॅरन हाय रिज शत्रूशी नुसती युद्धबंदी करतो आणि पुढे तह काही करत नाही. युद्धासाठी लावलेले वाढीव कर चालू राहतात, पण तो पैसा जहाजांकडे जात नाही. जुन्या युद्धनौका मोडीत निघतात, नव्यांची बांधणी अर्ध्यात थांबते. नौदलमंत्री जेनसेकला खात्री असते की शत्रूकडे नव्या जातीची जहाजं नाहीतच. तिकडे शत्रू, म्हणजे हेवनचं प्रजासत्ताक, गुप्त गोदीत तीच जहाजं बांधत असतं. म्हणजे शेवटच्या पानांत जी जहाजं फुटतात, त्यांचा निकाल दोनशे-तीनशे पानं आधी टेबलाशी बसून लागलेला असतो. ती पानं चाळली, तर उरलेली लढाई नुसती आतषबाजी वाटते.

आणि या पुस्तकातली मला सर्वांत भिडलेली गोष्ट म्हणजे शत्रू. हेवनची अध्यक्ष प्रिचार्ट आणि युद्धमंत्री थाइसमन ही सरळ माणसं आहेत. हुकूमशाही उलथून त्यांनी जुनी राज्यघटना परत आणलेली आहे आणि त्यांना मनापासून तह हवा आहे. पण त्यांचाच परराष्ट्रमंत्री जियानकोला दोन राज्यांमधल्या पत्रांत फेरफार करतो आणि युद्ध पेटतं. हे अतिरंजित आहे म्हणणाऱ्यांनी १८७०चा जुलै आठवावा. एम्सहून आलेल्या तारेतला मजकूर बिस्मार्कने असा छाटून छापायला दिला की तिचा सूरच बदलला, आणि आठवड्याभरात फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

विरोधी वाचकांचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. हाय रिजच्या मंत्रिमंडळात एकही शहाणा माणूस नाही. लेखकाला त्या पक्षाचा राग आहे आणि तो पानोपानी झिरपतो. एवढी दुष्ट आणि एवढी आंधळी माणसं एकाच टेबलाभोवती बसवली की वाद उरत नाही. ऑनर आणि अर्ल व्हाइट हेवन यांच्यावर उठवलेल्या कंड्यांचं प्रकरणही लांबतं, पण त्यात अर्लची अपंग पत्नी एमिली आहे. तिच्यासाठी मी ती सगळी पानं पुन्हा वाचीन.

मी अलिबागला राहतो. संध्याकाळी किनाऱ्यावर बसलं की समोर आंग्र्यांचा कुलाबा किल्ला दिसतो. आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाला जळालं. समुद्रावरून इंग्रजांच्या वॉटसनची जहाजं आली होती आणि जमिनीवरून आपल्याच पेशव्यांची फौज. गोळा पडून आग लागली ती एका दिवशी, पण इंग्रजांना सोबत घ्यायचं हे आधीच पुण्यात ठरलेलं होतं. त्या दिवशीचं वर्णन आपण आवडीने वाचतो. पुण्यातल्या खलबतांवरची पानं कोण वाचतं?

भाच्याला मी एकच विचारलं, "जियानकोलाने पत्रात काय बदललं?"

त्याला सांगता येईना. ती पानं त्याने उलटली होती. "मग युद्ध कशावरून झालं ते तुला ठाऊक नाही," मी म्हटलं. तो गप्प राहिला, मग पुस्तक उचलून पिशवीत टाकलं. गणपतीला येताना घेऊन येतो म्हणाला. त्या पत्रांच्या पानांशी मी एसटीचं तिकीट घालून ठेवलं आहे.