घर-संसार : लांब केसांचे मांजर आपल्या घराला मानवेल का?

फोंडाघाटहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा भाऊ मुंबईत एका कुटुंबाची गाडी चालवतो. ते कुटुंब परदेशी निघाले असून आपले दोन वर्षांचे लांब केसांचे मांजर ते या भावाला फुकट द्यायला तयार आहे. आठवीतल्या भाचीने मामाच्या मोबाईलवर त्याचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. घर कौलारू, दोन खोल्यांचे. नवरा-बायको दोघेही सकाळी कामावर जातात, आजीला दमा आहे. फोटो पाहून आजीने एवढेच विचारले म्हणे, "ह्या माजराची येणी कोण घालतलो?" भगिनी विचारतात, आणावे की नाही, आणि हे लाड आपल्यासारख्यांना परवडणारे आहेत का?

'आपल्यासारख्यांना' हा शब्द आधी बाजूला ठेवू या. प्राण्याची हौस ही बंगल्यात राहणाऱ्यांची मक्तेदारी नाही. शहरात पुष्कळ घरांतून असे मांजर केवळ दिवाणखान्याची शोभा म्हणून आणतात आणि केसांचे गठ्ठे झाले की कुणाच्या तरी गळ्यात मारतात. तुमची मुलगी त्यांच्याहून नक्कीच जास्त माया करील. पण माया वेगळी आणि मानवणे वेगळे. आजीने जो प्रश्न विचारला, खरा प्रश्न तोच आहे.

हे मांजर कोणत्या जातीचे, ते भावाला नीट पाहायला सांगा. आपल्याकडे लांब केसांचे म्हटले की सरसकट 'पर्शियन' म्हणतात. पर्शियनचे तोंड चपटे, नाक आत गेलेले, पाय आखूड आणि स्वभाव शांत. अशा मांजरांचे मूळ इराणच्या बाजूचे मानतात. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने 1620 च्या सुमारास खोरासानातल्या लांब केसांच्या मांजरांविषयी लिहून ठेवले आहे. हाच गृहस्थ पुढे 1623 मध्ये आपल्याकडे सुरतेला उतरला होता. दुसरी जात 'मेन कून'. ही अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातली, बर्फातली. तोंड लांबट, कानांच्या टोकांवर केसांचे झुपके, शेपटी खारीसारखी. शेतावरचे उंदीर मारायला लोक ती पाळत. हिचा बोका सहा ते आठ किलोंचा होतो आणि त्याची वाढ तीन-चार वर्षे चालते. 2010 साली या जातीचा एक बोका नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 123 सेंटीमीटर भरला, तेव्हा गिनीज बुकात त्याचे नाव लागले. आपले गावठी मांजर तीन-चार किलोंचे असते, त्यावरून अंदाज करा.

दोन्ही जाती थंड मुलखात वाढवलेल्या. अंगावर दाट लोकर आणि त्यावर लांब केस. आता फोंडाघाट डोळ्यांपुढे आणा. घाटाच्या अगदी पायथ्याशी गाव. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ढग घाटाला अडतात तिथे त्याहून जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चुलीवरच्या दोरीवरही कपडे सुकत नाहीत, चपलांना बुरशी येते. त्या हवेत ही लोकर मुळापासून कोरडी राहत नाही. तिचा गठ्ठा होतो, गठ्ठ्याखाली ओल धरते, कातडी लाल होते आणि तिथे गजकर्ण उठते. मांजराचे गजकर्ण माणसाला होते, आणि लांब केसांच्या मांजरांत, विशेषत: पर्शियनमध्ये, ते जास्त आढळते. एका अंथरुणात तीन माणसे झोपतात अशा घरात ते एकाच्या अंगावर थांबत नाही. मग आपण मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतो, खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा दुप्पट होतो.

म्हणून विंचरणे ही हौस नसून काम आहे. पर्शियनला रोज पंधरा-वीस मिनिटे, मेन कूनला आठवड्यातून दोन-तीनदा तरी, पावसाळ्यात त्याहून अधिक. विरळ दातांची स्टीलची फणी घ्यावी आणि पाठीवर थांबू नये. गाठी होतात त्या बगलेत, कानांमागे, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांत. झालेली गाठ कात्रीने कापू नये. मांजराची कातडी पातळ व सैल असते, ती गाठीबरोबर वर येते आणि कापली जाते. अशी गाठ डॉक्टरकडून मशीनने काढून घ्यावी. पर्शियनचे डोळेही सतत पाझरतात, कारण चपट्या तोंडामुळे अश्रूंची नळी वाकडी होते. ओल्या स्वच्छ फडक्याने ते रोज पुसावे लागतात. हे सगळे मुलगी करील का? पहिला महिना नक्की करील. पुढे तिची दहावी येईल, मग ते काम कोणाकडे येणार, हे घरातल्या बाईला सांगायला नको. मांजर बारा-पंधरा वर्षे जगते.

खाण्याचे पाहा. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळे अधू होतात आणि हृदय कमजोर होते. दूध-भातावर मांजर जगते असे आपल्याला वाटते, पण गावठी मांजर उरलेली कसर उंदीर, पाली, टोळ मारून भरून काढत असते. घरात कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचतही नाही, जुलाब होतात. बांगडा, पेडवे उकडून, काटे काढून, मीठ न घालता चालतील, पण रोज केवळ मासळी नको, कोंबडीचे मांस आणि थोडी कलेजीही हवी. कालवणातला तुकडा देऊ नये, कांदा-लसूण मांजराला विषारी असतात. सुकट आणि खारवलेल्या बांगड्यात मीठ फार असते, तेही नको. आठ किलोंचा बोका गावठीच्या जवळजवळ दुप्पट खातो. महिन्याचा हिशेब घरखर्चाच्या वहीत आधी मांडून पाहा.

दम्याविषयी एक गैरसमज आहे. केस लांब म्हणून दमा वाढतो असे नाही. ज्यांना मांजर सोसत नाही, त्यांना ते मुख्यत: मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनामुळे. मांजर अंग चाटते, ते केसांवर वाळते आणि घरभर उडते. ते गावठी मांजरातही असते. आजी आतापर्यंत मांजराच्या सहवासात राहिल्या असतील आणि त्रास झाला नसेल, तर चांगलेच. ठाऊक नसेल, तर त्यांना ज्याच्या घरात मांजर आहे अशा शेजाऱ्याकडे थोडे-थोडे बसवून पाहावे आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. दोन खोल्यांच्या घरात आजींना वेगळी, मांजर न येणारी खोली देता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता दवाखाना. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचे. रेबीजची लस आणि जंताचे औषध तिथे विचारावे. परंतु पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग आहे, मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा. त्याला सोनोग्राफी लागते, म्हणजे घाट चढून कोल्हापूर नाही तर गोव्याची वाट. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, ज्याला आपण सगळे 'बैलघोडा' म्हणतो. मांजर तिथे असतानाच भावाने ते तिथे किंवा दुसऱ्या चांगल्या डॉक्टरला दाखवावे. हृदय, मूत्रपिंड, कातडी तपासून घ्यावी आणि लसीचे कार्ड मालकाकडून मागून घ्यावे. फुकट देणाऱ्याला हे विचारण्यात भीड कसली?

दोन गोष्टी तर पाठच करा. ताप आला म्हणून मांजराला माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, एका गोळीने मांजर मरते. आणि कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नका. त्यातल्या पुष्कळांत परमेथ्रिन असते, ते मांजराला झटके आणते.

माझे मत विचारलेत, म्हणून सांगते. चपट्या तोंडाचे पर्शियन असेल, तर तुमच्या घरी आणू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याला धाप लागते, पावसात ते कुजते, आणि दिवसभर घरात पाहायला कोणी नाही. भावाची खोली पक्की, कोरडी असेल आणि वहिनी घरी असतील, तर ते मुंबईतच राहू दे आणि मुलीने सुट्टीत जाऊन त्याला विंचरावे. मेन कून निघाले, तर विचार करायला जागा आहे, परंतु रात्री ते बाहेर सोडता येणार नाही. वर दाजीपूरचे जंगल, बिबटे खाली वाडीपर्यंत उतरतात. आपले गावठी मांजर आढ्यावर चढून बसते. हे जड, झुबकेदार, माणसाला न बिचकणारे मांजर अंगणात मध्येच पसरते. कौलांच्या फटी, पडवीची उघडी बाजू, सगळे जाळीने बंद करावे लागेल. आणायचेच ठरले, तर दिवाळीनंतर आणा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी सहा-सात महिने त्याला घर ओळखायला मिळतील.

ज्यांना फुकट मिळत नाही आणि विकत घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी एवढेच : केंद्र सरकारच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्राणी विकणाऱ्या दुकानाला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. दुकानदार नोंदणी दाखवायला का-कू करत असेल, तर पायरी उतरा.

आणि मुलीला सांगा, वाडीत कोणाच्या तरी पडवीत गावठी भाटी व्यालेली असेलच. दोन महिने झाल्यावर त्यातले एक पिल्लू मागून आणावे, रेबीजची लस द्यावी, साधारण सहाव्या महिन्याच्या आत डॉक्टरांना विचारून त्याची नसबंदी करून घ्यावी. त्याला फणी लागत नाही. हवीच असेल, तर तीच फणी आठवड्यातून एकदा त्याच्याही अंगावरून फिरवावी, ते नाही म्हणणार नाही.