अठ्ठेचाळीस नायक आणि एक सुधाकर

डोंबिवलीत 'क्लास' म्हटले की शिकवणीच डोळ्यांपुढे येते; म्हणून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातील 'कॅरेक्टर क्लास'ला आम्ही येथे 'पात्रवर्ग' म्हणू. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एका पात्राच्या तोंडून बोलावे, फासे टाकावेत आणि कथा पुढे न्यावी, असा हा खेळ. उरलेले सारे जग 'डंजन मास्टर' सांभाळतो. आपले पात्र काय करू शकते, हे बहुतांशी पात्रवर्ग ठरवतो.

१९७४च्या पहिल्या आवृत्तीत वर्ग तीनच होते : लढवय्या, जादूगार, पुरोहित. पुढे चोर आला, पॅलाडिन हा व्रतस्थ धर्मयोद्धा आला. १९८९मध्ये मारेकरी आणि मठवासी गाळले गेले. २०००मध्ये मूळ ग्रंथात अकरा वर्ग होते, २००८मध्ये आठ, २०१४मध्ये बारा. २०२४च्या ग्रंथात बारा वर्गांचे प्रत्येकी चार उपवर्ग आहेत. म्हणजे अठ्ठेचाळीस.

हा आकडा संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त धीरोदात्तादी चार नायक, त्यांचे दक्षिण, धृष्ट, अनुकूल, शठ असे प्रत्येकी चार भेद, आणि पुन्हा उत्तम-मध्यम-अधम, असा गुणाकार होऊन नायकांचे अठ्ठेचाळीस प्रकार होतात. (नायिकांचे तीनशे चौऱ्याऐंशी! तिथवर हा खेळ अजून पोचलेला नाही.) योगायोगाचे आम्हांला अप्रूप नाही. गुणाकाराने वैविध्य साधते, हा दोहोंमागचा समज मात्र तपासण्याजोगा आहे.

ज्यांचे नाव ठाण्याच्या रंगायतनाला दिले आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर या अठ्ठेचाळिसांत कोठे बसवावा? बुद्धिमान, मानी वकील म्हणून एका घरात ठेवावा, तर नाटक संपेतो तो तेथे उरत नाही. नायक कसा आहे हे वर्गीकरण सांगते. तो कसा ढासळतो हे त्याला सांगता येत नाही. खेळातही अनुभवागणिक पात्र पायऱ्या चढते, नवी सामर्थ्ये मिळवते.

ठळक अपवाद होता तो पॅलाडिनचा. १९७८च्या नियमांनुसार त्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केले, तर तो कायमचा साधा लढवय्या होई. २०००मध्ये प्रायश्चित्ताची वाट ठेवली गेली. २००८मध्ये ती शिक्षाच गेली, आणि २०१४पासून व्रतभंगाचे फळ डंजन मास्टरच्या मर्जीवर आले. वर्ग वाढले, नियमानेच पतन घडवणारा हा वर्ग मात्र सौम्य झाला.

पतन खेळाडूनेच अभिनयातून दाखवावे, त्याला नियम कशाला, असे कोणी म्हणेल. तीनच वर्ग होते तेव्हा हे ठीक होते. बाकी सारे बोलण्यावरच होते. पण उडी किती लांब मारावी याचाही नियम असलेल्या खेळात, ज्याला नियम नाही ते घडलेच नाही असे खेळाडू धरून चालतो.

आमच्या रविवारच्या टेबलावर एका मित्राच्या पॅलाडिनने शरण आलेल्याला ठार मारले. नव्या ग्रंथानुसार काहीच बिघडत नव्हते. कल्याणची शेवटची गाडी चुकेपर्यंत वाद झाला आणि बहुमताने १९७८चा नियम लागू केला. मित्र दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, तो त्याच व्रतभ्रष्ट लढवय्याचा कागद घेऊन. आणि त्या दिवशी प्रथमच त्याने फासे टाकण्यापूर्वी बराच वेळ विचार केला.