धाव आणि टायर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अमेरिकेतील भाच्याचा दूरध्वनी आला. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "मामा, एक सल्ला हवा आहे. आमच्या घरगाडीचे टायर अगदी नव्यासारखे आहेत. नक्षी जशीच्या तशी आहे. तरी दुकानदार म्हणतो, चारही बदला. मला फसवतो आहे का हो तो?"

घरगाडी म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. तिकडे मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाचे एक लहानसे घरच मिळते. आत झोपावयास पलंग, स्वयंपाकाचा ओटा, सारे काही. सुटीत दोन-तीन आठवडे कुटुंब तीत बसवावे, डोंगरदऱ्यांत जाऊन राहावे आणि परत आल्यावर ती अंगणात उभी करून ठेवावी. माझ्या भाच्याची घरगाडी वर्षातील अकरा महिने अशी अंगणातच असते.

मी विचारले, "घेऊन किती वर्षे झाली?"

"आम्ही घेतली ती जुनीच. टायर मात्र आठ वर्षांपूर्वीचे आहेत म्हणे. पण मामा, ते चाललेत कुठे?"

"चालले नाहीत म्हणूनच बदल," मी म्हणालो.

त्याला हे कोडे वाटले. वाचकांनाही वाटेल. सात-आठ वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. आज वाटत नाही, याचे कारण आमच्या सावरगावात घडलेली एक गोष्ट आहे.

सावरगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला एवढेच ठाऊक असते की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर आम्ही, आणि मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड. परंतु तो एक दिवस सोडला तर उरलेले वर्ष आमचे शेतीतच जाते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घरातली मराठी आणि मळ्यातला संत्रा या दोन गोष्टी मात्र या साऱ्यांत तशाच राहिल्या. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतो आणि पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहार फेब्रुवारीपासून पुढे. हा सारा माल मळ्यातून बाहेर निघतो तो ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून. आमची ट्रॉली हीच आमची घरगाडी. फरक इतकाच की, तिच्यात घर नसते, घराचे वर्षभराचे उत्पन्न असते.

२०१८ सालच्या डिसेंबरातील गोष्ट. आंबियाची तोडणी संपत आली होती. माझ्या थोरल्या बंधूंची ट्रॉली क्रेटांनी भरून निघाली आणि घरी परतावयाचे म्हणून तोडणीच्या पाच बाया क्रेटांवरच बसल्या. हे चूक आहे, ट्रॉली मालासाठी असते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. पण "एवढे दोन मैल तर जायचे" असे म्हणून आम्ही सारेच डोळेझाक करीत असू. शिवाराची वाट संपून डांबरी सडकेला लागताच उजव्या अंगाचा टायर फुटला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला, ट्रॉली एका अंगाला कलली आणि क्रेटांसह बाया सडकेवर आल्या. दैव बलवत्तर म्हणून मागून वाहन नव्हते. एकीच्या डोक्याला टाके पडले. दुसरीचे मनगट मोडले. हाड जुळले, परंतु मृगाच्या साऱ्या तोडणीत तिला क्रेट उचलता आले नाही. बंधूंनी दवाखान्याचा खर्च केला, बुडालेली मजुरीही दिली. पण त्या बाई पुढे एकदा सहज म्हणाल्या, "भाऊ, चाक तर चांगलं दिसत होतं." ते वाक्य आजही आमच्या घरात कोणी विसरलेले नाही.

चाक खरोखरच चांगले दिसत होते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतलेले ते टायर ट्रकवरून उतरवलेले होते. नक्षी पुष्कळ शिल्लक होती आणि वरून काळा रंग फासून ते चकचकीत केले होते. नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. बंधूंना सौदा लाभाचा वाटला आणि मीही त्यास मान डोलावली होती. फुटल्यानंतर त्याच्या कडेवरचे आकडे मी प्रथमच चष्मा लावून वाचले. तेथे ०८०९ असे चार आकडे होते. याचा अर्थ २००९ सालचा आठवा आठवडा. तो टायर जवळजवळ दहा वर्षांचा म्हातारा होता.

आमच्या आजोबांच्या वेळी असा धोका नव्हता. बंडीच्या लाकडी चाकावर तेव्हा लोखंडी धाव असे. लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. लोखंड आकसून लाकडाला घट्ट आवळून धरी. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल होई; मग चाके नदीच्या पाण्यात भिजत ठेवीत, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. सैल धाव वाजते. घरातले पोरही आवाज ऐकून सांगे की, चाक लोहाराकडे न्यायला झाले. टायरचे तसे नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत मुका असतो.

हवेचा टायर व्यवहारात आणला तो एका गुरांच्या डॉक्टराने, ही गंमतीची गोष्ट शेतकऱ्यांना आवडण्यासारखी आहे. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट येथे पशुवैद्य होते. १८८७ साली त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी नळी बनविली. रॉबर्ट थॉमसन यांनी त्यापूर्वीच, १८४५ साली, अशा चाकाचे पेटंट घेतले होते. परंतु तेव्हा ते मागे पडले. पुढे आपल्याकडे बैलगाडीलाही हवेची चाके लागली, तेव्हा अनेक ठिकाणी लोक त्या गाडीलाच "डनलॉप" म्हणू लागले. बैलाच्या मानेवरचा भार हलका करणाऱ्या गाडीला पशुवैद्याचे नाव मिळावे, हे योग्यच झाले.

आता मुख्य मुद्दा. टायर दोन प्रकारांनी संपतो: झिजून आणि वय होऊन. रोज धावणारा ट्रक टायर झिजवतो. त्याचे वय होण्याआधीच नक्षी जाते, टायर गोटा होतो आणि मालक तो बदलतो. ट्रॉलीचे उलट आहे. हंगामातले काही महिने ती चालते, एरवी शेणखत वाहण्यापुरती बाहेर पडते आणि बाकीचा काळ उन्हात उभी राहते. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. यापासून रक्षण व्हावे म्हणून कारखान्यातच रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. टायर चालताना लवतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. कडेला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि आतले पदर सुटू लागतात. नक्षी मात्र शाबूत असते आणि आपण फसतो ते नेमके तेथे.

म्हणून टायर घेताना पहिला प्रश्न नक्षीचा नव्हे, जन्मतारखेचा विचारावा. कडेवर "डीओटी" या अक्षरांनी सुरू होणारी ओळ किंवा एखाद्या चौकटीतले चार आकडे शोधावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "नवा" म्हणून मिळणारा टायरही दुकानात तीन-चार वर्षे पडलेला असू शकतो. किती वर्षांनी बदलावा याविषयी सर्व कंपन्यांचे एकमत नाही. परंतु सहा ते दहा वर्षांच्या आत, नक्षी कितीही असो, तो बदलावा असे पुष्कळ जण सांगतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीला सहा हाच आकडा धरावा, असे माझे मत झाले आहे.

दुसरा प्रश्न वजनाचा. टायरच्या कडेवर भारांक दिलेला असतो. १२१ म्हणजे एका टायरवर १४५० किलो, १४० म्हणजे २५०० किलो. आता हिशेब पाहा. भरलेले क्रेट २४ किलोचे धरले तर १५० क्रेटांचे ३६०० किलो झाले. ट्रॉलीचे स्वतःचे १४०० मिळविले की ५००० किलो. चार चाकांवर हा भार सारखा वाटला गेला तर प्रत्येकी १२५० येतो आणि १२१ भारांक पुरतो. परंतु ट्रॉली दोनच चाकांची असेल तर प्रत्येकी २५०० च्या आसपास जातो. थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो खरा. पण खड्डा आला, माल एका अंगाला सरकला की तो फायदा संपतो. म्हणून दोन चाकांना १४० वर न थांबता १४५ पर्यंत, म्हणजे २९०० किलोपर्यंत जावे. कडेवर "१६ पीआर" असेही लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ आत सोळा पदर आहेत असा नाही. पूर्वीच्या सोळा सुती पदरांइतकी ताकद आहे, एवढाच.

तिसरा प्रश्न वेगाचा. भारांकापुढे एक खूण असते. शेतीच्या पुष्कळ टायरांवर ती "ए ८" असते, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. टायर सांगितलेले वजन पेलतो ते या वेगापर्यंतच. नागपूरकडे जाणारी सडक आता रुंद व गुळगुळीत झाली आहे. घरातला तरुण चालक तेवढ्यावर थांबत नाही, हे आपण पाहतोच.

रेडियल घ्यावा की नायलॉनचा, असे पुष्कळ जण विचारतात. सावकाश, जड आणि खडबडीत कामाला जाड कडांचा नायलॉन टायर पुरेसा आहे. मात्र एका आखावर एक रेडियल व एक नायलॉन असे कधीही बसवू नये. दोन्ही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. रिमोल्ड टायर सरसकट वाईट असतो असेही नाही. महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळाने स्वतःच्या कारखान्यांत टायर रिमोल्ड करून वर्षानुवर्षे वापरले आहेत. पण त्यांना आपल्या प्रत्येक टायरचा इतिहास ठाऊक असतो. बाजारातल्या रंग फासलेल्या टायरचा इतिहास आपल्याला कोण सांगणार?

निवड कितीही चांगली केली तरी हवा कमी असेल तर सारे व्यर्थ. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक लवतो, लवून तापतो आणि तापून आतून सुटतो. सकाळी, टायर थंड असताना, मापकाने हवा पाहावी. लाथ मारून पाहणे ही परीक्षा नव्हे. हंगाम संपला की ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून ठेवावी, चाकांवर जुने गोणपाट टाकावे आणि डिझेल-तेल रबराला लागू देऊ नये.

हे सारे ट्रॉलीवाल्यांसाठी झाले. मग इंदूर, भोपाळ, बडोदे वा हैदराबादच्या वाचकाला याचे काय? तर आपल्या इमारतीखाली उभी असलेली मोटार आठवून पाहा. रोज कचेरीला जाण्यास दुसरे वाहन आहे, आणि ही मोटार वर्षातून दोनदा, मुलाबाळांना घेऊन गावी जाण्यापुरती निघते. नक्षी उत्तम आहे. आकडे कधी वाचले आहेत का? आणि मागच्या डिकीत असलेली स्टेपनी? ती तर कधीच चाललेली नसते. गाडीतला सर्वांत म्हातारा टायर बहुधा तोच असतो, आणि भर रात्री रस्त्यात आपण विसंबतो तो त्याच्यावरच.

बंधूंनी त्या अपघातानंतर नवे टायर घेतले. दुकानदारास त्यांनी प्रथम आकडे वाचून दाखवावयास सांगितले, मग भाव विचारला. किंमत ऐकून मी गप्प बसलो, कारण जुन्या सौद्याला मान डोलावणारा मीच होतो. तोडणीच्या बाया आता ट्रॉलीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी भाड्याची जीप येते. तो खर्च संत्र्याच्या हिशेबात धरलेला असतो.

भाच्याचा काल पुन्हा दूरध्वनी आला. चारही टायर बदलले. जुने उतरवले तेव्हा आतल्या बाजूच्या कडेला, जेथे उभ्याने दिसत नाही तेथे, भेगा होत्या. "मामा, तुम्हांला इतक्या लांबून कसे कळले?" असे त्याने विचारले. त्याला मी त्या बाईंच्या मनगटाची हकीगत सांगितली. ती सांगण्याची वेळ आपणांपैकी कोणावर येऊ नये, म्हणून या महिन्याचे पान या विषयास दिले.