वाढवण बंदर: समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च तब्बल ७६,२२० कोटी रुपये. मच्छीमारांचा विरोध मात्र जुना आहे. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथलं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटींसह होकार दिला.

मग अडतंय कुठे? बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव टाकला जाणार आहे. शेतकऱ्याची जमीन गेली तर तो सातबारा पुढे करतो. समुद्राला सातबारा नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मच्छीमारांचा उल्लेख आहे खरा, पण तो लागू होतो जमीन संपादित झाली तरच. भराव म्हणजे जमीन घेणं नव्हे, नवी जमीन तयार करणं!

बोटमालकाकडे निदान परवाना असतो, सोसायटीचं सभासदत्व असतं. पण त्याच बोटीवरचा खलाशी, बाजारात टोपली घेऊन बसणारी कोळीण, ओहोटीला खडकांवर कालवं काढणारी बाई यांनी नुकसान कोणत्या कागदावर दाखवायचं?

सरकार सुमारे १२ लाख रोजगारांची शक्यता सांगतं. त्यातले किनाऱ्यावरच्या या घरांत किती येणार, ते या आकड्यातून कळत नाही.