बाकावर नाव कशाला? ओतल्याची तारीख टाका!

मंडळी, आमच्या कोपऱ्यावरचा सिमेंटचा बाक शेवटी मधोमध मोडला. पाठीवर माननीयांचं नाव आणि 'सौजन्याने' शाबूत आहे, बसायची फळी तेवढी गेली. तेव्हा त्यावर माझी आई बसली होती. मनगट सुजलं, हाड वाचलं. पण आता ती भाजी आणायला एकटी जात नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाटेत टेकायला जागा नसली की त्याचं फिरणंच बंद होतं. हे काळ्या काचांच्या गाडीतून कसं दिसणार?

तुटलेला तुकडा उलटून पाहिला. दोन बारीक गज, तेही वरच्या अंगाला. अहो, माणूस बसला की फळी खालून ताणली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण नाही, तो गजाने घ्यायचा. म्हणून गज खाली हवेत, पाऊण इंच कव्हर सोडून. मोशीतल्या कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला विचारा.

मी कंपनीत फिटर, सिव्हिलवाला नाही. तरी गेल्या महिन्यात अंगणात बाक ओतला. जुन्या प्लायचा साचा, आतून तेल. 5 फूट लांब, सव्वा फूट रुंद, 3 इंच जाड फळी आणि दोन पाय. एक सिमेंट, दीड क्रश सँड, तीन बारीक खडी. 50 किलोची एक गोणी पुरून उरली. शोभेसाठी साच्याच्या तळाला अळूची पानं ठेवली, शिरा वर करून. फळी उलटी ओतायची म्हणून गज साच्यात वरच्या बाजूला येतात, इथे मीही आधी चुकलो होतो. पाणी बेताचंच घातलं. पातळ माल ओतायला सोपा, पण वाळल्यावर कच्चा. सगळा खर्च दोन हजारांच्या आत.

खरं काम पुढे. आयएस 456 म्हणतं, साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलावा हवा, पीपीसीला 10. आम्ही ओलं गोणपाट टाकून दोन आठवडे पाणी मारलं आणि 28 दिवस कुणाला बसू दिलं नाही. आई रोज विचारायची, "झाला का रे?" फळी शंभर किलोच्या वर, उचलायला चौघे लागले. नक्षी मात्र झकास उमटलीय.

आता 'लोकच नीट वापरत नाहीत' हे ऐकवू नका. बाक बसण्यासाठीच असतो ना? आणि सौजन्य कुणाचं? 1997 ला मोशी महापालिकेत आली, तेव्हापासून कर आपण भरतोय. दिवसभर काँक्रीटचे मिक्सर दारावरून जातात त्या गावात धड बाक मिळू नये? रंगवायचंच असेल तर पाठीवर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि ओतल्याची तारीख रंगवा. 28 दिवस व्हायच्या आत नारळ फोडलात तर तेही आम्हाला दिसू दे.

आमचा बाक गेटबाहेर ठेवलाय, कुणीही बसा. साचा रिकामा आहे, हवा असेल तर न्या. पण पाणी मारायला घरचा माणूस ठरवूनच न्या.