खिशात बॅटरी हवी की नको?



आधी शब्दाचा घोळ मिटवू. इथल्या शाळेत ज्याला फ्लॅशलाइट म्हणतात, त्याला आपले आजी-आजोबा ‘बॅटरी’ म्हणतात आणि आत घालतो तो ‘सेल’. पुस्तकी शब्द ‘विजेरी’. आता प्रश्न असा, की फोनमध्ये उजेड असताना ही वेगळी बॅटरी रोज जवळ का बाळगावी?

‘नको’ म्हणणाऱ्यांचे मुद्दे साधे आहेत. फोन हाताशी असतोच; मग दप्तरात आणखी एक वस्तू कशाला? अल्कलाइन सेल बरेच दिवस पडून राहिला तर गळतो, आतली स्प्रिंग खराब होते आणि ऐन वेळी बटण दाबले तरी उजेड पडत नाही. मुले एकमेकांच्या डोळ्यांवर झोत मारतात. चपटे, बटणासारखे सेल लहान भावंडाने गिळले तर जिवावर बेतते. हे सगळे आम्हाला मान्य आहे.

आता दुसरी बाजू. 26 फेब्रुवारी 1993 रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला. जिन्यांतले दिवे गेले आणि हजारो माणसे धुरात, अंधारात चाचपडत खाली उतरली. पुढे त्या जिन्यांत अंधारात चमकणारा रंग लावला गेला. 14 ऑगस्ट 2003 रोजी दुपारी चारनंतर अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, तेव्हा सुमारे 5 कोटी लोकांना त्याचा फटका बसला. न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीतले प्रवासी बोगद्यातून चालत बाहेर आले.

“तेव्हा फोनमध्ये दिवा कुठे होता? आता आहे,” असे मुले म्हणतील. बरोबर. पण अशा वेळी फोनचे पहिले काम घरी “मी सुखरूप आहे” हे कळवण्याचे. वीज नसताना तो पुन्हा चार्ज कुठे करणार? उजेडासाठी तो संपवला, तर आई-बाबांना कळवायचे कशाने?

सुट्टीत गावी गेल्यावर तर विचारायलाच नको. रात्री अंगणात पाऊल टाकण्याआधी आजी सांगते, “बॅटरी घे रे, विंचूकाटा असतो.” तिचे बरोबर आहे.

म्हणून आमचे मत ‘हवी’ असे आहे, पण अटींवर. बॅटरी बोटाएवढी, एका ट्रिपल ए सेलची असावी. जिना उतरायला 10-20 ल्यूमेन उजेड पुरतो. हजार ल्यूमेनचा हव्यास नको. सेल शक्यतो लिथियमचा घ्यावा. तो सहसा गळत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. शाळेत न्यायची तर आधी शिक्षकांना विचारावे.

शेवटची अट मुलांसाठी. वर्षातून दोनदा, घड्याळ पुढेमागे करतो त्या रविवारी, घरातल्या प्रत्येक बॅटरीचा सेल मुलांनीच तपासावा. आई-बाबांनी आठवणसुद्धा करू नये! एवढे जमणार नसेल तर बॅटरी घेऊच नये. बंद पडलेली बॅटरी खिशात असली की माणूस उगाच निर्धास्त राहतो.

तुम्हाला काय वाटते? पटले नसेल तर चार ओळी मराठीत लिहून वर्गात आणून द्या. पुढच्या अंकात छापू.