नोकरी लागताना छातीचा फोटो का काढावा?

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, मेहरौली-बदरपूर रस्त्याच्या बाजूला लाल कुआं नावाची वस्ती आहे. एकेकाळी या भागात दगडाच्या खाणी होत्या आणि खडी फोडणाऱ्या क्रशरची रांगच रांग होती. झपाट्याने वाढणाऱ्या दिल्लीतले रस्ते आणि इमारती अशाच खडीवर उभ्या राहिल्या. पोटासाठी राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं बायकामुलांसह इथे राहिली. दिवसभर क्रशरवर राबायचं आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरं होऊन घरी परतायचं, हा त्यांचा दिनक्रम होता.

मे 1992 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले क्रशर 15 ऑगस्ट 1992 पासून बंद करण्याचा आणि त्यांना हरियाणातल्या पाली गावाच्या परिसरात जागा देण्याचा आदेश दिला. शहराची हवा स्वच्छ व्हावी, हा त्यामागचा हेतू. तो योग्यच होता. पण कामगारांच्या छातीत आधीच जाऊन बसलेली धूळ कोणत्या आदेशाने बाहेर येणार होती?

खोकला एक, आजार दुसरा

दगडाच्या धुळीत सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात आणि तिथे व्रण तयार होतात. फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. साधारणपणे तो दहा किंवा त्याहून अधिक वर्षांनी दिसू लागतो. धूळ फार असेल तर त्याहून खूप लवकर. त्यावर रोग मुळापासून बरा करणारं औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो.

खोकला, धाप, वजन घटणं ही लक्षणं क्षयासारखीच असतात. त्यामुळे लाल कुआंतल्या कित्येकांना क्षयाची औषधं पुन्हा पुन्हा देण्यात आली. घोटाळा आणखी वाढतो, कारण सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. अशा वेळी दोन गोष्टींवरून निदान होतं: छातीचा एक्स-रे आणि माणसाने आयुष्यभर कोणतं काम केलं याची माहिती. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्येच सांगून ठेवलं होतं की, रोग्याला त्याचा धंदा कोणता हे जरूर विचारावं. तीनशे वर्षांनंतरही सरकारी दवाखान्याच्या गर्दीत हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

निदान झालं तरी प्रश्न संपत नाही. क्षय जंतूमुळे होतो, म्हणून त्याची जबाबदारी मालकावर येत नाही. सिलिकोसिस मात्र कामामुळे होतो आणि कायद्याने त्याची भरपाई मिळते. पण ती मागताना कामगाराला दाखवावं लागतं की, आपण अमुक ठिकाणी, अमुक वर्षं काम केलं. ठेकेदाराच्या हाताखाली राबलेल्याकडे ना हजेरीचं कार्ड असतं, ना पगाराची पावती, ना कामावर घेतानाचा वैद्यकीय दाखला. धूळ छातीत आहे, पण ती कोणाच्या क्रशरची, हे कोण सांगणार? सिलिकोसिसग्रस्तांसाठी लढणाऱ्या ‘प्रसार’ या संस्थेची याचिका 2006 पासून सर्वोच्च न्यायालयात होती. ती ऑगस्ट 2024 मध्ये निकाली निघाली. भरपाईवर लक्ष ठेवण्याचं काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवण्यात आलं. मध्ये अठरा वर्षं गेली. रोग एवढा वेळ थांबत नाही.

कायदा होता, पण...

कायदा नव्हता असं नाही. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कामावर लावण्यापूर्वी कामगाराची वैद्यकीय तपासणी करायची, नंतर बारा महिन्यांच्या आत ती पुन्हा करायची आणि नोंदी ठेवायच्या, ही जबाबदारी मालकावर आली. पुढे 27 जानेवारी 1995 रोजी अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा ती सुटल्यावर 15 वर्षं, यातला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपाव्यात, असंही सांगितलं. कारण उघड आहे. असे आजार बऱ्याचदा नोकरी सुटल्यावरच डोकं वर काढतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. 40 वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची, असं सरकारने जाहीर केलं आहे. मात्र कामाच्या सुरक्षेची संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागांना लागू होते. गल्लीबोळातल्या चार-सहा माणसांच्या कारखान्यांचं काय, ही काळजी उरतेच. शिवाय दगडाच्या धुळीत विसाव्या वर्षी उतरलेल्या मुलाने चाळिशीची वाट पाहणं परवडणारं नाही.

तपासणी की नुसता शिक्का?

ओखला, फरीदाबाद, नोएडा, मानेसर असो की आपल्याकडचं भोसरी आणि चाकण, नोकरीपूर्वीची तपासणी बऱ्याच ठिकाणी उंची, वजन, रक्तदाब आणि ‘फिट’ असा शिक्का एवढ्यावर उरकली जाते. खरी तपासणी कामाप्रमाणे बदलते. धुळीत काम असेल तर छातीचा फोटो आणि श्वासाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री. गोंगाटाच्या प्रेसवर असेल तर कानांची ऑडिओमेट्री. बॅटरीच्या कारखान्यात असेल तर रक्तातल्या शिशाचं प्रमाण. वाहन चालवायचं असेल तर डोळे.

मालकांना हा खर्च फुकटचा वाटतो. पण कामगार येतानाच त्याला कमी ऐकू येत होतं की आपल्या मशीनमुळे ऐकू येईनासं झालं, हे पहिल्या दिवशीच्या कागदावरूनच कळतं. तो कागद प्रामाणिक मालकालाही वाचवतो. दोन-तीन कामगारांची श्वासाची ताकद एकदम घटलेली दिसली, तर कारखान्यात धूळ कुठे जास्त आहे हेही समजतं. मग पाणी मारून दगड कापणं, धूळ ओढून घेणारा पंखा बसवणं असे उपाय वेळेवर करता येतात. नाकाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही.

काही मालक तपासणीचा उपयोग आजारी कामगाराला घरी बसवण्यासाठी करतात. म्हणूनच कामगार डॉक्टरपुढे खोकला लपवतो. ही भीती घालवणं मालकाच्या हातात आहे. दोष आढळला तर माणसाला बिनधुळीच्या कामावर हलवावं, उपचार मिळवून द्यावेत. दोष धुळीचा आणि शिक्षा माणसाला, हा कुठला न्याय?

घरच्यांनी काय करावं?

मुलगा किंवा नवरा कामावर लागला की पहिला पगार किती हे आपण विचारतो, तपासणी कोणती झाली हे विचारत नाही. तेही विचारा. अहवालाची प्रत मागून घ्या. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, ईएसआय कार्ड आणि एक्स-रे एका फाईलमध्ये ठेवा. नोकरी बदलली तरी ही फाईल टाकू नका. खोकला महिनोन्महिने जात नसेल, क्षयाची औषधं घेऊनही गुण येत नसेल, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की हा माणूस दगड, फरशी, काच किंवा वाळूच्या धुळीत काम करतो. ईएसआयचा विमा असेल तर कामामुळे होणाऱ्या आजारांसाठी दिल्लीत बसईदारापूरच्या ईएसआय रुग्णालयात वेगळं केंद्र आहे. आपल्या गावच्या ईएसआय दवाखान्यातून पुढे कुठे पाठवतात याची चौकशी करा.

लाल कुआंच्या कित्येक घरांत माणूस गेला आणि हातात कागदाचा एक तुकडाही नव्हता. दागिन्यांची, जमिनीची कागदपत्रं आपण ट्रंकेत जपून ठेवतो. त्यांच्या शेजारी कमावत्या माणसाच्या छातीचा फोटोही ठेवायला हवा.